माझ्या पोटातली पट्टी

मित्रांनो, मला पातेलं म्हणू नका हं! आकार तसा आहे खरा, पण मी एका जुन्या मोटारसायकलचं मॅग्नेट आहे. चिखलातून, दगडधोंड्यांतून टेकडी चढणाऱ्या मोटारसायकलचं. इंजिनाच्या दांड्यावर मी गरगर फिरायचो आणि माझ्या पोटात तांब्याच्या तारांची एक प्लेट स्थिर बसलेली असायची. मी फिरलो की तिच्यात वीज जागी व्हायची आणि इंजिनात ठिणगी पडायची. आम्हा दोघांवर कारखान्यातल्या कारागिराने छिन्नीने एकेक रेघ मारली होती. रेघेसमोर रेघ आली की ठिणगी! अशी आमची जोडी होती.

मोटारसायकल चालवायची ती आत्या. तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती, वेणी पाठीवर टाकून टेकडीवरून हवेत झेप घेणारी एक तरुण मुलगी होती. लोक तोंडात बोट घालून बघायचे. हवेत असताना सगळं कसं शांत व्हायचं! खाली गवत हलताना दिसायचं आणि मी आपला फिरत असायचो. ते दिवस आठवले की अजूनही मला आपण फिरतो आहोत असंच वाटतं.

एकदा मात्र झेप चुकली आणि आत्याचा गुडघा फुटला. घरात रडारड झाली. बरी झाल्यावर तिने स्वतःच इंजिन उघडलं, मला उपसून काढलं आणि पिशवीत घातलं. माझ्या प्लेटसकट मोटारसायकल पडवीच्या कोपऱ्यात गेली. आत्या शिवणकाम करू लागली आणि मी तिच्या टेबलावर आलो, टाचण्या ठेवायला! तिने माझ्या पोटात एक लोखंडी पट्टी आडवी चिकटवली. ती कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

वाईट दिवस नव्हते ते. खिडकीतून ऊन यायचं, दोऱ्यांचे तंतू हवेत तरंगायचे, शिलाई मशिनचं चाक घरघरायचं. त्याच्या आवाजाने माझा डोळा लागायचा आणि स्वप्नात मी टेकडी चढायचो. जाग आली की अंगावर टाचण्याच टाचण्या. काय सांगू, रडूच यायचं.

पुढे आत्याची भाची मोठी झाली. तिने पडवीतली मोटारसायकल बाहेर काढली, इंजिन सुटं करून घासूनपुसून पुन्हा जोडलं. मॅग्नेट काही सापडेना. शेवटी जुन्या बाजारातून तिने दुसरं आणलं, दिसायला थेट माझ्यासारखं. पण त्याचा आणि माझ्या प्लेटचा छत्तीसचा आकडा! ठिणगी भलत्याच वेळी पडली. किक उलटी फिरली आणि फाडकन भाचीच्या नडगीवर बसली.

ती लंगडतच शिवणाच्या खोलीत आली. डोळ्यांत पाणी होतं.

"आत्या, मी हात टेकले. मॅग्नेट आणि प्लेट एकाच जोडीतली लागतात म्हणे. आता ती जोडी कुठून आणू? उद्या भंगारवाल्याला देऊन टाकते सगळं."

माझी प्लेट भंगारात? 'अगं, मी इथेच आहे!' असं मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण लोखंडाचं ओरडणं कोण ऐकणार?

आत्याचं मशिन थांबलं. तिने मला जवळ ओढलं. मग तिने माझ्या अंगावरची एकेक टाचणी काढली.

"हे घे."

भाचीने मला उलटंपालटं केलं. रेघ दिसली तशी ती किंचाळलीच. "हे तुझ्याकडे होतं? आणि मी अख्खा बाजार पालथा घातला! पण आत ही पट्टी कसली गं?"

"चुंबक रिकामं पडून राहिलं की त्याचा दम जातो. लोखंड चिकटलेलं असलं की टिकतो."

"टाचण्यांना कशाला हवा एवढा दम?"

आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "भीती वाटायची गं मला. आणि टाकवतही नव्हतं."

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळं कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही मला विसरली. आणि ही बाई रोज माझा जीव जपत होती!

दुपारी पट्टी काढून टाकली आणि मी पुन्हा दांड्यावर चढलो. प्लेट जराशी काळवंडली होती, पण तीच होती. रेघेसमोर रेघ आली. भाचीचा पाय ठणकत होता, म्हणून आत्याने पदर खोचला.

"सरक बाजूला."

"अगं, तुझा गुडघा!"

"दुसरा आहे की!"

पहिली किक वाया गेली. दुसरीला मी फिरलो, प्लेट जागी झाली आणि ठिणगी पडली. अंगणभर तो आवाज घुमला. आत्या हसत होती की रडत होती, धुरात मला नीट दिसलं नाही.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू निरुपयोगी वाटली तर फेकण्याआधी एवढंच विचारा, हिची जोडी कुठे असेल?

ते बाजारातलं परकं मॅग्नेट आता शिवणाच्या टेबलावर टाचण्या सांभाळतं. आत्याने कुणालाही न सांगता माझी पट्टी त्याच्या पोटात चिकटवून ठेवली आहे.