पहिलं पान

आमच्या मंगळवारच्या शेअर क्लबाचा एक जुना नियम होता: जिने अहवाल वाचला नसेल तिने कपबश्या विसळायच्या. नियम गमतीचा होता. पण कोरल सदा न कदा मोरीपाशीच उभी असायची, त्यामुळे ती गंमत आमची होती, तिची नव्हती.

क्लब काढला तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो होतो की महिन्यातून दोन तास आपले. नवऱ्यांना गहू, मेंढ्या आणि फुटबॉल. आम्हाला शेअर बाजार. थोडे थोडे डॉलर घालायचे, एकेकीने एकेका कंपनीचा अहवाल घरून वाचून आणायचा, बाकीच्यांना समजावून सांगायचा, मग केक. मी शाळा अर्धवट सोडून लोकरीच्या शेडमध्ये लागलेली बाई. ताळेबंद वाचायला मी या क्लबामुळे शिकले, ओट्याशी उभं राहून, एका हातात पळी धरून. त्याचा मला अजून अभिमान आहे. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

मग ग्लेनिस आली. निवृत्त मुख्याध्यापिका. वर्षाच्या आत क्लबाची अध्यक्ष झाली.

"वाचायला वेळ मिळत नाही असं मला कुणी सांगू नका," ती म्हणाली. "वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. पहाटे पाचला उठा."

"पाचला मी उठतेच की," डल्सी म्हणाली. "गाई तू पिळतेस का, बाई?"

सगळ्या हसल्या. ग्लेनिसही हसली, आणि तिने नवा नियम लिहून घेतला: तीनदा न वाचता सभेला आलं की नाव कमी, पैसे परत.

कोरलचा नवरा लेस. जन्मभर मेंढ्या कातरल्या, आणि आता डोकं असं गेलं होतं की कोरल या खोलीतून त्या खोलीत गेली तरी मागोमाग यायचा. संडासाच्या दारापर्यंत. क्लबाच्या मंगळवारी गावच्या कौन्सिलकडून पॅम त्याच्याजवळ बसायला यायची, कारण कोरलने मदतीच्या अर्जात 'शिक्षण व आत्मविकास' या रकान्यावर खूण केली होती. केस कापायला, चहा प्यायला किंवा नुसतं रडायला त्या अर्जात रकाना नव्हता. क्लब होता म्हणून पॅम होती.

दोनदा कोरलचं वाचन झालेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मी तिला माझ्या गाडीतून नेत होते.

"या खेपेला वाचलंस ना गं?"

"रोज वाचते."

"लेस वाचू देतो?"

"मोठ्याने वाचलं तर बसतो जवळ. त्या कंपनीच्या अध्यक्षांचं पत्र आहे ना पहिल्या पानावर, ते त्याला फार आवडतं. इतकं अदबीनं त्याच्याशी हल्ली बोलतंय कोण?" ती हसली. "फक्त पान उलटलं की विचारतो, हे कोण बोलतंय? मग परत पहिल्यापासून."

मी गाडी चालवत राहिले.

सभेत कोरल हातात कागद न घेता उभी राहिली. "प्रिय भागधारकहो, सरलेलं वर्ष कसोटीचं होतं, तरीही तुमच्या विश्वासाच्या बळावर..." असं सुरू करून तिने अख्खं पान म्हणून दाखवलं, शेवटच्या 'आपला नम्र'पर्यंत. डल्सीने टाळ्या वाजवल्या.

"छान," ग्लेनिस म्हणाली. "कंपनीवर कर्ज किती आहे?"

"ते पुढे असेल."

"पुढे कुठे?"

"पुढेच."

"कोरल, पहिलं पान ते लोकांना खूश करायला लिहितात. ज्याला पैसे घालायचेत त्याने मागून वाचायचं असतं."

हे खरं होतं. ग्लेनिसचं बहुतेक सगळं खरंच असायचं, तोच तर त्रास होता.

मी म्हटलं, "हिचं नाव गेलं की पॅम जाईल. मग ही घराबाहेर पडणार कशी?"

"मर्ल, हा गुंतवणुकीचा क्लब आहे. पाळणाघर नाही."

मतं घेतली. कोरलच्या बाजूने दोनच हात वर झाले, एक माझा आणि एक डल्सीचा. डल्सीच्या हातात केकची सुरी तशीच होती. बाकीच्या आपापल्या बशीत बघत होत्या.

कोरल उठली आणि सवयीने कप गोळा करायला लागली.

"राहू दे, कोरल," ग्लेनिस म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "ज्या सभासदाने वाचलं नसेल त्याने विसळायचं, असा नियम आहे. आणि तू आता..."

कोरलने कप खाली ठेवले, कोरडेच हात टॉवेलला पुसले आणि ती गाडीत जाऊन बसली. घरी पोचेपर्यंत फक्त एवढंच म्हणाली, "पॅमला सांगायला हवं." खोबऱ्याच्या वड्यांची तिची ताटली सभेच्या हॉलमध्येच राहिली.

ती परत करायला मी पुढच्या आठवड्यात गेले. आमच्याकडे प्रत्येकीच्या ताटलीखाली नावाची चिकटपट्टी असते, आणि ताटली रिकामी परत करायची नसते. पण केक करायला मला वेळ झाला नव्हता. नवा अहवाल वाचायचा होता. ताटलीत ग्लेनिसने दिलेलं चेकचं पाकीट तेवढं होतं.

जाळीच्या दारातून कोरलचा आवाज येत होता. "...तुमच्या विश्वासाच्या बळावर..." मग कागद उलटल्याचा आवाज.

"हे कोण बोलतंय?" लेस.

"अध्यक्ष."

"कुणाशी?"

"भागधारकांशी."

"म्हणजे कोण?"



"आपण, लेस. आपणच."

"हां," तो म्हणाला. समाधानाने. "मग वाच."

मी दार वाजवलं नाही. पाकीट पायरीवर ठेवलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर ताटली पालथी घातली. तिचं नाव वर आलं.