उपाशीपोटीचं वजन

नुकतं दूध तुटलेल्या संकरित कोकरांना मोठ्यांपेक्षा कसदार खुराक द्यायचा, हा ताईचा हट्ट. वाढ जोरात आणि पोट एवढंसं, म्हणून त्यांच्या प्रत्येक घासात जास्त ऊर्जा हवी, असं तिचं म्हणणं. कळप धाकट्या भावाचा, आणि त्याला हे पटत नव्हतं. वजनं वाढली नाहीत तर पुन्हा सगळ्यांना एकच खुराक, असं दोघांचं ठरलं होतं.

वजनाच्या दिवशी तिने सकाळचं चारापाणी बंद ठेवलं. कोकरांनी वाडा डोक्यावर घेतला.

"अगं ताई, पाणी पाजलं असतं तर आकडा आपोआप वाढला असता," भाऊ हसला. "स्वतःच्याच पायावर धोंडा!"

"पोटातलं पाणी म्हणजे वाढ नव्हे, शहाण्या."

पहिलं कोकरू काट्यावर चढलं. भावाने आकडा पाहिला, काटा शून्यावर आणून पुन्हा पाहिला. मागच्या खेपेला याच वयाची कोकरं इतकी भरली नव्हती. दुसरंही तसंच, तिसरंही.

जाता जाता एक शेजारी कुंपणाशी थांबला. "काय चारतोस रे यांना?"

"मला काय विचारतोस? आमच्या ताईला विचार," भाऊ छाती फुगवून म्हणाला. "आणि हे उपाशीपोटीचं वजन आहे बरं का!"

ताईने कोकरांसाठी नळ सोडला. मान ताठ होती.