कोरडी चेन

माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. मी चार उशांचे अभ्रे विणले, तर संघपालने हुडकेश्वरच्या समाजभवनात प्रदर्शन भरवलं आणि बॅनरवर माझा आधार कार्डावरचा फोटो छापला. एकदा पोळ्या लाटताना गुणगुणले, तर आठ दिवसांत चाळीस जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार: 'नंदिनीताई गायन मंडळ'. त्यानंतर तीन वर्षं मी घरात गुणगुणले नाही.

म्हणून हे लपवून ठेवलं होतं. आमच्या कूलरची मोटर कण्हायची, मध्येच दम खायची. ते मी जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं, उलटं केलं, ताणलं, त्यात मिक्सरचा आवाज मिसळला आणि नाव न सांगता इंटरनेटवर टाकलं. सूर नाही, ताल नाही. तरी दोनशे अकरा लोक ऐकतात. फिनलंडची एक बाई लिहिते, याने तिला झोप लागते. बॅनर न लागलेली माझी ही एकच गोष्ट होती आणि ती मला तशीच हवी होती.

एप्रिल लागला, नवा तुकडा अर्ध्यावर आला, आणि संघपालने कूलरला तेल पाजलं.

"पाय वं, कसा चूप बसला!"

मला त्याचा गळा धरावासा वाटला. "काहून हात लावला तुम्ही?"

"तुह्या झोपेचं खोबरं होऊन राहिलं होतं ना."

सायकलवाल्याच्या खिशात तेलाची बाटली असते, हाच सगळा घोळ. त्याची स्वतःची सायकल तर इतकी मुकी की मागून आली की माणूस दचकतो. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीच्या रविवारी त्याचा सायकल ग्रुप हार-फुलांऐवजी वह्या-पेनं घेऊन कन्हानच्या एका अभ्यासिकेला जातो. शनिवारी तो वह्या आणायला गेला आणि मी त्याची चेन कपड्यांच्या पावडरीने घासून धुतली, उन्हात खडखडीत वाळवली. तेलाची बाटली माठामागे लपवली. रविवारी सकाळी सीटखालच्या पिशवीत जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. पाप केल्यासारखं वाटलं, पण थोडंच.

गल्ली ओलांडायच्या आत चेन अशी केकाटली की कुत्री उठली. संघपालला थांबायला वेळ नव्हता. सक्करदऱ्याला सगळे वाट बघत होते.

दुपारी तो लालबुंद होऊन परतला आणि अंघोळीला गेला. मी पिशवीतला मोबाइल काढला, हेडफोन लावले आणि रेकॉर्डिंग पुढे सरकवत ऐकलं. काय सांगू! कूलर त्या चेनपुढे पाणी भरेल. दीड तास ती रडली, भांडली, खिदळली. मग कन्हानच्या पुलाजवळ कोणाचं तरी चाक बसलं आणि संघपालने पंक्चरचं सामान काढायला पिशवी उघडली. मी हेडफोन कानांवर दाबले.

"काय सापडलं गा भाऊ?" हा अंकुश, ग्रुपमधला त्याचा जिवलग.

"काई नाही. सामान आहे."

पिशवी बंद झाली.

"चेन लय बोंबलून राहिली तुमची. तेल टाकू का?"

"राहू दे गा. बोंबलू दे."

परत निघताना पुन्हा त्याचा आवाज आला, "तुम्ही व्हा समोर, मी येतो मागून." मग अख्ख्या वाटेवर नुसती चेन. ना गप्पा, ना हाका. माझा नवरा दीड तास तोंड मिटून एकटा सायकल चालवत होता.

तो अंघोळ करून आला आणि ग्रुपवर फोटो टाकत बसला. आता मेले मी. मागे उभी राहून मी वाचत होते. वह्या, निळा झेंडा, अंकुशचं बसलेलं चाक, पोहे. आभारांच्या यादीत बेचाळीस नावं, त्यात पोहेवालाही. माझं नाव येईल म्हणून मी शेवटपर्यंत थांबले. त्याने मोबाइल पालथा घातला.

"वाढ वं, भूक लागली."

मला इतकं रडू आलं की भाजीत मीठ दोनदा पडलं. त्यावरही तो चकार शब्द बोलला नाही.