माझी डावी बाजू गप्प झाली

मी ढोलकी बोलतेय. नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण माझाच गोंधळ अजून मिटलेला नाही.

सातासमुद्रापलीकडच्या आमच्या बेटावर, रोझ बेल गावी, उसाच्या मळ्यांपलीकडे, आंब्याच्या खोडातून मला कोरलं. कातडं चंद्रमोहनने स्वतः चढवलं. दिवसभर ऊस तोडून यायचा आणि मला मांडीवर घ्यायचा. उजवीकडे बोटं, डावीकडे तळहात. गणपतीपुढे गोल धरून झाकरी, म्हणजे आमची नाचगाण्याची मंडळी, नाचायची, तर माझ्याशिवाय कुणाचं पाऊल उचलत नसे. मी लाडावले होते, हे खरंच.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या गणपतीत भरदुपारी माझी डावी बाजू एकदम गप्प झाली. मला वाटलं, कातडं सैलावलं. पण चंद्रमोहनचा हातच लोंबत होता. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, शब्द बोबडे येत होते.

"अंगात आलंय," झाकरीचे म्होरके तुलसीरामकाका म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. कुणी अंगारा लावला.

"काका, लोपितालला, डॉक्टरकडे नेऊया का यांना?" कुंतीने, चंद्रमोहनच्या बायकोने विचारलं.

"देव आलाय आणि लोपिताल? गप बस, पोरी."

थोड्या वेळात हात हलू लागला, तोंड सरळ झालं. पुन्हा माझ्यावर थाप पडली. मीही म्हटलं, देवच असणार. नाहीतर आला तसा गेला कसा?

त्याच आठवड्यात, सकाळी, त्याच्या हातातून चहाचा पेला पडला. तोंड पुन्हा वाकडं. या खेपेला कुंतीही हात जोडून उभी राहिली. देव जाण्याची वाट बघत राहिली. देव जाईना.

शेवटी त्याला लोपितालात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका आहे. पहिल्या वेळी का आणलं नाही?

"तवा बरं झालं होतं," कुंती म्हणाली आणि रडली.

चंद्रमोहन वाचला, पण डावा हात गेला तो गेलाच. आता उजवीकडे तो वाजवतो, डावीकडे कुंती. मला दोन माणसांची सवय होत नाही. तो देव होता की आजार, तेही मला कळत नाही. ते तुम्हीही ठरवत बसू नका. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर लगेच गाडी बोलवा. बरं वाटलं तरी बोलवा.

परवाच्या गणपतीत झाकरीत नाचणाऱ्या सत्यदेवच्या अंगात आलं. सगळे पाया पडायला धावले. कुंतीने थाप थांबवली, उठली आणि घुमणाऱ्या देवासमोर उभी राहिली.

"देवा," ती म्हणाली, "आधी दोन्ही हात वर करून दाखव."