काकूंचं कव्हर आणि ताईचा कॉम्प्युटर

खरं सांगू? हे लिहिणारच नव्हतो. यात माझीच फजिती आहे. पण लंबू सगळीकडे सांगत सुटलाय, आणि तिखटमीठ लावून. म्हटलं, त्यापेक्षा मीच सांगतो.

लंबू म्हणजे माझा मित्र. परवा दुपारी दोनला त्याचा फोन. "पळत ये. ताईचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय."

त्याची ताई घरांचे नकाशे काढते. इतके दिवस दुसऱ्यांच्या हाताखाली. हा पहिलाच नकाशा तिचा स्वतःचा. पाचच्या आत पाठवायचा, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार.

"येतं ना रे तुला हे?" ताईने विचारलं.

"म्हणजे काय!" मी. येतं म्हणजे, व्हिडिओ बघून जेवढं येतं तेवढं.

टेबलाखालचा डबा बाहेर ओढला. सगळे त्याला सीपीयू म्हणतात, पण तो नुसता कॅबिनेट. खरा प्रोसेसर आत असतो, बिस्किटाएवढा, पंख्याखाली दडलेला. डब्यावर फुलाफुलांचं कव्हर, खाली झालर. लंबूची आई, म्हणजे काकू, शिवणकाम करतात. त्यांच्याकडे मिक्सरला कव्हर, रिमोटलाही कव्हर.

"लंबूला कापड पुरलं नाही म्हणून तो सुटला," ताई म्हणाली.

कव्हर काढलं, झाकण उघडलं. रॅमची पट्टी पुसून खट्ट वाजेपर्यंत दाबली. हार्ड डिस्कची वायर काढून परत लावली. बटण दाबलं. चालू! माझी कॉलर ताठ. काकूंनी कौतुकाने कव्हर चढवलं.

पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी.

रॅम दुसऱ्या खाचेत बसवली. चालू! काकूंनी कव्हर चढवलं. बंद.

मग मी एसएमपीएसवर आळ घेतला. म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. "हा नवा आणावा लागेल," मी डॉक्टरसारखा बोललो. चार वाजून गेले होते. ताईचा चेहरा रडवेला.

काकू कव्हर काढायला वाकल्या आणि थबकल्या. "अगंबाई, हे तर इस्त्री फिरवल्यासारखं तापलंय! माझ्या मशीनची मोटर अशी तापली की मी थांबते. याला हवा कुठून मिळते रे?"

मी बघितलं. बाजूची जाळी, मागची जाळी, सगळं झालरीत गुडूप. आतला पंखा बिचारा तीच गरम हवा फिरवत होता. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. आणि मी दर वेळी आधी कव्हर काढत होतो, तेवढ्यानेच ते थंड व्हायचं, मग माझी दुरुस्ती! म्हणजे माझी दुरुस्ती शून्य.

"काकू, कव्हर नको."

"आणि धूळ?"

"बंद करून ब्रशने झाडायची."

थोडं थंड होऊ दिलं, मग चालू केलं. ताई खाली मान घालून बसली. पाचला सात मिनिटं असताना नकाशा गेला. लगेच उत्तर: 'आवडला. काम तुमचंच.' ताईने खुर्चीतच तीन गिरक्या घेतल्या आणि काकूंना गच्च मिठी मारली.

"मी काय म्हणते," काकू मिठीतूनच म्हणाल्या, "जाळीचं कापड लावून नवीन शिवू?"

"नको!" आम्ही तिघंही ओरडलो.

जिना उतरताना लंबू म्हणाला, "तू आत काय काय केलंस, मला काही दिसलंच नाही. तुझं डोकंच मध्ये."

"रविवारी घरी ये," मी म्हणालो. "माझ्या कॉम्प्युटरचा डबा उघडू. सगळं तू काढायचं, तूच लावायचं. मी बोटही लावणार नाही. शब्द दिला."