आधी पंगत, मग उजेड

मित्रांनो, मी हाय एक जुनं ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं रंगवायची, हे माझं काम. जल्म लांबच्या कुठल्यातरी कारखान्यात, जवानी पुण्याच्या गेम पार्लरमधी. तितली पोरं माझ्यावर लय खूश असायची. मग नवं कार्ड आलं आन माझी रवानगी कपाटात! शेवटी कराडच्या एका दुकानातनं शिवांजलीनं मला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आन मांडीवर घेऊन यष्टीनं कुंडलला आणलं.

पोरगी इंजिनिअरिंग शिकती. तिनं कुस्तीचा गेम बनवला. लाल माती, हलगी, ही गर्दी, आन मैदानाभवती दिवेच दिवे! तितंच माझा घाम निघाला. पैलवानानं दुसऱ्याला उचललं, की चित्र अडकायचं. गडी हवेतच!

तिचे काका नानासो, फौजेतनं रिटायर झालेले. खदाखदा हसले. "वरच पोझिशन घेतली काय गं त्यानं? रविवारी तालमीत समद्यांसमोर गेम दाखवताना असं लटकलं, तर सोमवारी हे खोकं भंगारात!"



शिवांजली म्हणाली, "काका, गावजेवणाला माणूस बसायच्या आधीच वाढताय का?"

"येडी हायस का? आधी पंगत बसवायची, मग वाढायचं."

"ह्या कार्डाला मी उलटं सांगितलं हुतं. येईल त्याच्यावर समद्या दिव्यांचा उजेड टाकत बसलं. पुढं दुसरा उभा ऱ्हायला, की मागच्याला वाढलेलं वाया. आता आधी नुसतं बघायचं, कुठल्या जागी पुढं कोण हाय, रंग कसला, तोंड कुणीकडं. मग दिसतंय तेवढ्यावरच उजेड."

तिनं तसा माझ्या कामाचा क्रम बदलला. काय सांगू गड्यांनो! ध्यानात ठेवायचं वझं वाढलं, पर उजेड टाकायचं काम लय हलकं झालं. पैलवान दणकन खाली आला. माती उडाली आन मधी लालभडक भिंतच उभी!

"आता हे भिताड कुणी बांधलं?"

"आवं, धूळ हाय ती! एका जागी एकच पान मांडलंय. धुळीतनं मागचा पैलवान दिसाया पायजे, म्हंजे एका जागी दोघं आलं."

"मांडीवरच्या पोरागत?"

"व्हय. त्या पोराला मागनं येगळं वाढायचं."

तिनं धुळीची पाळी शेवटाला लावली. धूळ थोडीच, मला झेपली.

रविवारी तालमीत पडदा लागला. ढाकेचा डाव बसला, गडी उलथा झाला, पाठ मातीला टेकली आन धूळ दिव्यांच्या उजेडात हळूच तरंगली. एकदाबी अडकलो न्हाई! वस्ताद आकाराम तर खुर्चीवरनं उठून पडद्याम्होरं गेले आन वरडले, "चितपट! सोड आता त्याला!" अख्खी तालीम हसून लोळली.

मग काकांनी काय करावं? "भंगार न्हाई, आजचा मानकरी हाय ह्यो!" म्हणत सोताचा फेटा काढून माझ्या खोक्याला गच्च आवळला. पंख्याची जाळीच बंद! मी आत भाजतोय, भाईर हलगी वाजतीया!

"आवं काका, गुदमरंल की त्यो!" शिवांजली धावली.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. जुनं यंत्र भंगारात काढायच्या आधी, त्याला काम नीट सांगितलंय का ते बघा. आन मान द्यायचाच झाला, तर फेटा तुमच्याच डोक्याला शोभतोय. आमच्या पंख्यावरची धूळ तेवढी फुंकून काढा!