स्पेअर तार, चार नग

माझी बायको मालन कळवणला मास्तरीण आणि मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर. शनिवारी संध्याकाळी ती एसटीनं घरी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. बदलीचा अर्ज दिला होता. अर्जाला दोन वर्षं झाली होती. मूल असतं तर एव्हाना चालायला लागलं असतं.

लग्नाआधी मालन जयंतीच्या कार्यक्रमांत गायची आणि तिचा भाऊ गोटीराम मागं मेंडोलिन वाजवायचा. ब्याऐंशी साली गोटीदादा मस्कतला कामाला गेला आणि मेंडोलिन आमच्या कपाटावर ठेवून गेला. तेव्हापासून मालनचं गुणगुणणंसुद्धा बंद. "दादाचं मेंडोलिन मागं नसलं की गळा उघडत नाही हो," म्हणायची. आठवड्यातून दीड दिवस बायको भेटणार, त्यातही ती गप्प. मला एवढंच हवं होतं, या खोलीत तिनं एकदा तरी गावं.

ठरवलं, आपणच शिकायचं.

आमच्याकडं ग्राइंडिंग मशीनवर सहादू होता. सुट्टीच्या दिवशी तो ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं एका जुन्या कार्डाच्या पाठीवर मला कॉर्ड काढून दिल्या. "जी, सी, डी. या तिघांत अख्खी जयंती निघती." चार उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या रेघा म्हणजे पडदे, बोट दाबायचं तिथं ठिपका. जिला हात लावायचा नाही त्या तारेच्या डोक्यावर गोल. "गुरुवारी येतो, सूर लावून देतो. तोवर बोटं बसव."

घरी येऊन मेंडोलिन खाली काढलं. तारा निघाल्या आठ. कार्डावर चार. बारा वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला याचा अर्थ लावायला कितीसा वेळ लागणार? प्रत्येक तारेशेजारी तिच्याच जाडीची दुसरी. म्हणजे स्पेअर! गोटीदादाबद्दलचा माझा आदर एकदम वाढला. मी चारही जादा तारा सोडवल्या, पुसल्या, तेल लावून गुंडाळल्या, वर चिठ्ठी बांधली, 'स्पेअर तार, चार नग'. घरात उंदीर फार, म्हणून कारखान्यात नेऊन स्टोअरच्या खणात ठेवल्या.

मग सराव. जी कॉर्डला दोन बोटं, सीला दोन, डीलाही दोनच. पण जीवरून सीवर जायला माझ्या बोटांना बदलीच्या अर्जाएवढा वेळ लागायचा. शेजारच्या लंकाबाई दारात येऊन म्हणाल्या, "जयराम, डबा दुरुस्त होत नसला तर नवा घे रे बाबा."

गुरुवारी सहादू आला. मेंडोलिन हातात घेतलं आणि तसाच खाटेवर बसला.

"बाकीच्या तारा कुठंयत?"

"स्पेअर ना? एकदम सेफ."

"अरे येड्या, जोडीनं वाजतात त्या! एका सुरात दोन. म्हणून तर आवाज असा थरथरतो. तू निम्मं मेंडोलिन स्टोअरला जमा केलं?"

दुसऱ्या दिवशी धावत जाऊन खण उघडला. रिकामा. दुसऱ्या पाळीचा स्टोअरकीपर कारभारी शांतपणे म्हणाला, "इश्यू केल्या. चिठ्ठीवर स्पेअर लिव्हलेलं हाय. लोकांनी मागितल्या, म्या दिल्या. नाय दिल्या असत्या तर तूच बोंबलला असता."

एका तारेनं फोरमनच्या स्कूटरचा सायलेन्सर बांधलेला. दुसरीवर साहेबांच्या केबिनमधलं कॅलेंडर. तिसरीनं कँटीनच्या नवसाबाई साबणाच्या लांब वड्या कापत होत्या. "लय झाक कापती, नेऊ नका हो," म्हणाल्या. चौथी, सगळ्यात बारीक, साहेबांच्या गाडीला हार बांधायला गेली ती त्र्यंबकेश्वराला जाऊन हारासकट तिकडंच राहिली.

"मेनरोडला नव्या मिळतात की," सहादू म्हणाला. मिळतात. पण त्या गोटीदादाच्या नसत्या, आणि मालनचा कान मला माहीत होता. सायलेन्सर, कॅलेंडर आणि साबण यांच्याकडून मी तीन तारा परत आणल्या. सहादूनं शिव्या देत चढवल्या, सूर लावला. सात तारा, एक खुंटी मोकळी.

शनिवारी मालन आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली. मी मेंडोलिन घेऊन जी छेडला.

ती जागच्या जागी थांबली. "दादाचंच आहे. पण सर्दी झाल्यासारखं वाटतंय." जवळ येऊन तिनं तारेवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. "अहो, याला साबणाचा वास का येतोय?"

सांगावं लागलं सगळं. सायलेन्सरशी आल्यावर ती हसायला लागली, त्र्यंबकेश्वरपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं. हसू थांबलं तरी पाणी जरा चालूच राहिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "वाजवा."

मी जी वाजवला. तिनं सूर धरला. दोन वर्षांनी. पहिली ओळ संपली तिथं सी यायला हवा होता. माझी बोटं निघाली. एक पोचलं, दुसरं रस्ता चुकलं. मालननं सूर सोडला नाही. श्वास संपला की घेतला आणि पुन्हा तोच धरला, माझ्या बोटांकडं बघत. लंकाबाई सूप हातात धरून दारात उभ्या राहिल्या. शेवटी सी आला. मालन पुढच्या ओळीत गेली, जणू एवढं थांबणं गाण्यातच होतं.

तीन मिनिटांचं गाणं पंधरा मिनिटं चाललं. लंकाबाई म्हणाल्या, "मोठं आहे हो गाणं."

सोमवारी पहाटे सीबीएस स्टँडवर कळवणची गाडी लागली. मालन खिडकीशी बसली.

"पुढच्या शनिवारपर्यंत बोटं पळवतो," मी म्हणालो. "तुला थांबावं लागणार नाही."

"पळवा. पण फार नका पळवू. मला थांबता येतं आता."

कंडक्टरनं घंटी मारली. मी तिथंच उभा होतो, डावा हात खिशात. खिशातल्या खिशात जीवरून सीवर निघालो. दोन्ही बोटं बरोबर बसली तेव्हा गाडी स्टँडबाहेर वळून गेली होती.